डोकं कढत, पाय गार

आमच्या किहीमचे विसूतात्या वैद्य मोटारीची नाडी बघत असत. वाचणाऱ्याला ही थट्टा वाटेल म्हणून आधीच सांगतो, ते खरोखर बघत. सकाळी मी अंगणात मोटार सुरू केली की शेजारच्या वाडीच्या कुंपणाचं बेडं उघडून तात्या येत, उपरणं खांद्यावर नीट घेत, बॉनेटवर उजव्या हाताची तीन बोटं टेकवत आणि डोळे मिटून उभे राहत. मोटारीत बसलेले उतारूही मग बोलायचे थांबत. जरा वेळानं डोळे उघडून तात्या निदान सांगत. आज हिला जडपणा आहे, सावकाश ने. किंवा, रात्री ओल लागली वाटतं, खोकतेय. मोटार खोकतेय हे मलाही ऐकू येत असे, पण ते तात्यांनी सांगितलं की मला राग येई.

मी तेव्हा पंचविशीत होतो. मुंबईला एका कारखान्यात दीड वर्षं मोटारीचं काम शिकलो होतो आणि मामांच्या मदतीनं एका शेटजींची वापरलेली मोटार घेऊन गावी परतलो होतो. कापडी टपाची, पितळी दिव्यांची ती मोटार. रेवसच्या धक्क्याला मुंबईची आगबोट लागे. तिची माणसं अलिबागला न्यायची आणि इकडची माणसं बोटीला पोचवायची, हा माझा धंदा. अंगात खाकी कोट, खिशात पाना. अलिबागपासून रेवसपर्यंत इंजिनातलं कळणारा मी एकटा, अशी माझी पक्की समजूत होती, आणि त्या समजुतीवर रोज सकाळी तीन बोटं ठेवली जात.

तात्या साठी ओलांडलेले, उंच, किंचित वाकलेले, कानात भिकबाळी. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का. रेवदंड्यापासून रेवसपर्यंतची माणसं त्यांच्याकडे नाडी दाखवायला येत. तात्यांनी मनगट धरलं की चोरून खाल्लेलं लोणचंसुद्धा कबूल करावं लागतं, असं लोक म्हणत. आणि ही विद्या त्यांना माणसांपुरती पुरत नसे. गाय, विहीर, माड, सगळ्यांची प्रकृती ते सांगत. पोस्टातलं घड्याळ मागे पडू लागलं तेव्हा त्याला कफ झाला आहे असं त्यांनी पोस्टमास्तरांना गंभीरपणे सांगितलं होतं. पोस्टमास्तरांनी घड्याळ उन्हात ठेवलं. ते वेळेवर चालू लागलं. आता बोला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आधी विसावा, मग विचार." ताप असो, भांडण असो, लग्नाची बोलणी असोत, तात्यांचा पहिला उपचार हाच. मोटारीलाही तोच. तिची पित्तप्रकृती आहे असं त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. दुपारच्या उन्हात तिला बाहेर काढू नकोस, एकादशीला तिला लंघन घाल, असे सल्ले ते मला उतारूंदेखत देत. एकदा मी जेवायला घरात गेलो असताना त्यांनी पुढच्या जाळीवर ओल्या फडक्याची घडी ठेवली. तापकरी माणसाच्या कपाळावर ठेवतात तशी. मी ती काढून फेकली. उतारू मात्र हळहळले.

इथं मोटारीबद्दल थोडं सांगायला हवं. इंजिन चाललं की तापतं. त्याचा ताप घ्यायला त्याच्याभोवती पाणी फिरतं. तापलेलं पाणी वरच्या रबरी नळीनं पुढच्या टाकीत येतं, तिला रेडिएटर म्हणतात. तिच्या बारीक नळ्यांतून उतरताना ते वाऱ्यानं निवतं आणि खालच्या रबरी नळीनं पुन्हा इंजिनाकडे जातं. एवढं ध्यानात राहिलं तर पुढं काही अडणार नाही.

त्या वर्षी चैत्रात तात्यांनी मला न विचारता रेडिएटरमध्ये वाळ्याची जुडी घातली. वाळा थंड, पित्तशामक. चोंढीच्या पुढं गेलो तशी पुढून वाफ येऊ लागली आणि तिला वास असा, की देवळाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटावं. मागच्या बाकावर मासळीच्या पाट्या घेऊन पारूबाय कोळीण बसली होती. ती म्हणाली, "रं सदू, तुजी मोटार आज लगनाला चालली हाय काय?" सगळे पोट धरून हसले. रेवसला उतारू उतरवून मी दोन तास तारेनं त्या टाकीतून वाळ्याच्या काड्या उपसत बसलो. तात्यांना मी संध्याकाळी फार बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पण तिला जरा बरं वाटलं ना?"

वैशाख लागला आणि मोटार खरोखरच तापू लागली. झिराडपर्यंत जाईतो टाकीतलं पाणी उकळायचं, झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसायची, मला थांबावं लागायचं. मी मुंबईत शिकलेलं सगळं एकेक करून बघितलं. पाणी पुरेसं होतं. पंख्याचा पट्टा सैल होता, तो ताणून बसवला. जाळीत गवताची कुसं आणि मेलेले किडे अडकले होते, ते कुंचल्यानं काढले. आमच्या बाजूचं पाणी मचूळ, त्याचा क्षार आत बसतो, म्हणून धुण्याचा सोडा घालून सगळी टाकी धुतली. गंजाचं लाल पाणी निघालं आणि त्याबरोबर वाळ्याच्या दोन काड्या निघाल्या.

त्या दोन काड्या बघून मला हायसं वाटलं. कारण सापडलं म्हणून नव्हे. गुन्हेगार सापडला म्हणून.

रेवसच्या धक्क्यावर काथ्याच्या दोरखंडांचा व्यापार करणारे हसनमियाँ माझ्या नेहमीच्या उतारूंपैकी. त्यांच्यासमोर आणि आणखी दहाजणांसमोर मी त्या काड्या हातावर घेऊन दाखवल्या आणि वैद्यबुवांनी माझी मोटार नासवली म्हणून सांगितलं. हसनमियाँ त्या काड्यांकडे बघत राहिले. दोन काड्यांनी एवढं लोखंड अडतं का, असं त्यांनी हळूच विचारलं. मी त्यांना रेडिएटरच्या नळ्या किती बारीक असतात त्यावर व्याख्यान दिलं. सोडा घालून धुतल्यावरही मोटार तशीच उकळत होती, ते मात्र सांगितलं नाही.

ही बोलणी तात्यांच्या कानावर गेलीच. दुसऱ्या दिवशी ते आले. नाडी बघायला पुढं झाले नाहीत. बेड्यापाशीच उभे राहून म्हणाले, माझ्या हातून चूक झाली असेल तर तू म्हणशील ते करीन, पण ती तापलेली असताना मला एकदा हात लावू दे. मी हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. अलिबागहून परत आलो तेव्हा ते अंगणात वाट बघत होते. इंजिन चालूच होतं. तात्यांनी एक तळवा टाकीच्या वरच्या भागाजवळ नेला आणि चटका बसून मागे घेतला. मग खाली वाकून दुसरा हात टाकीच्या तळाला लावला. तो तिथंच राहिला. मग त्यांनी खालची रबरी नळी दोन बोटांत धरून बघितली.

"डोकं कढत, पाय गार," ते म्हणाले. "हे लक्षण चांगलं नाही, सदू. वरचं खाली उतरत नाहीये. या नळीत कुठंतरी वाट मिटतेय."

मी त्यांना सांगितलं की ती नळी मी तपासली आहे. बाहेरून तिला चीर नाही, गळत नाही, रबर चांगलं आहे. तात्या म्हणाले, बाहेरून माणूसही धडधाकट दिसतो. मी म्हणालो, तुम्ही माणसंच बघा. ते उठले, धोतराची माती झटकली आणि गेले. त्यानंतर ते सकाळी यायचे बंद झाले. उतारू विचारत, आज वैद्यबुवा कुठं? मी पाना खिशात घालून हँडल मारी.

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे त्या दिवशी तात्या उतारू म्हणून मोटारीत होते. हसनमियाँच्या सुनेला बरं नव्हतं, तिला बघायला ते रेवसला निघाले होते. माझ्या शेजारी पुढं बसले होते, मांडीवर औषधांची पिशवी. झिराडच्या अलीकडे टाकीनं उकळायला सुरुवात केली, मी मोटार वडाखाली घेतली आणि सगळे उतरले. आगबोट गाठायची होती. जवळच्या वाडीतल्या विहिरीवरून पाणी आणायला पुरुष डबे घेऊन निघाले, पारूबाय त्यांच्याबरोबर गेली. जाता जाता त्यांतले एक मास्तर म्हणाले, "आता वैद्यबुवांनाच विचार बाबा काय करायचं ते." बाकीचे हसले.

वडाखाली आम्ही दोघंच उरलो.

तात्या म्हणाले, आधी विसावा. अर्धा तास झाकणाला हात लावू नकोस. हे ते न सांगते तरी मला ठाऊक होतं. उकळत्या टाकीचं झाकण उघडू नये हा कारखान्यातला पहिला धडा. पण त्या क्षणी तो धडा तात्यांच्या तोंडून आला होता, आणि मास्तरांचं हसणं अजून माझ्या कानात होतं. मी फडकं घेतलं आणि झाकणावर ठेवलं.

"तुमच्या काढ्यावर मोटार चालत नाही, तात्या," मी म्हणालो आणि झाकण फिरवलं.

झाकण फडक्यासकट माझ्या हातातून उडालं. माझा चेहरा टाकीवरच वाकलेला होता. कोणाचा तरी खांदा माझ्या छातीवर जोरात आदळला आणि मी मागे मातीत बसलो. वर बघितलं तर तात्या टाकीपाशी उभे होते. उपरण्याचा बोळा करून त्यांनी उजवा हात टाकीच्या तोंडावर दाबून धरला होता, आणि बोटांच्या मधून पांढरी वाफ आणि पाणी उसळत होतं. मी अजून समोरच पडलेलो होतो म्हणून त्यांनी हात काढला नाही. मी बाजूला सरकलो तेव्हा काढला. ओरडले नाहीत. ओलं उपरणं हाताला चिकटलं होतं.

"ऊठ," ते म्हणाले. "डोळ्यांत नाही ना गेलं?"

माझ्या कानावर दोन शिंतोडे आले होते. बाकी काही नाही.

तेवढ्यात माणसं डबे घेऊन परतली. तात्यांचा हात बघून सगळ्यांनी डबे खाली ठेवले आणि काय झालं म्हणून विचारलं. मी उत्तर दिलं. ते उत्तर मी आयुष्यभर विसरलेलो नाही. मी म्हणालो, "तात्यांनी हात घातला."

तात्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग लोकांकडे वळून म्हणाले, "हो. घातला खरा."

मोटार निवल्यावर मी पाणी भरलं आणि उतारूंना घेऊन रेवसला गेलो. बोट चुकू नये म्हणून गेलो असं मी स्वतःला सांगितलं. तात्यांना पारूबायनं त्या वाडीत नेलं. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे तिनं चुन्याची निवळी आणि खोबरेल घोटून हाताला लावलं, आणि एका बैलगाडीत बसवून त्यांना किहीमला परत पाठवलं. तिची मासळी त्या दिवशी बाजाराला पोचली नाही.

धक्क्यावर हसनमियाँ तात्यांची वाट बघत होते. वैद्यजी का आले नाहीत म्हणून त्यांनी विचारलं. बरोबरच्या उतारूंनी अर्धवट सांगितलं आणि बाकीचं सांगायला सगळे माझ्याकडे बघू लागले. तेव्हाही वेळ गेली नव्हती. पण सगळे हसण्याच्या तयारीत होते, आणि हसणारी माणसं समोर असली की मला राहवत नाही. मी सांगितलं की तात्या मोटारीची नाडी बघायला गेले आणि नाडीऐवजी त्यांना कढत झरा सापडला. लोक हसले. मी आणखी थोडं सांगितलं. डोळे कसे मिटले, बोटं कशी टेकवली, त्याची नक्कल करून दाखवली. हसनमियाँ हसले नाहीत. ते आपल्या सुनेसाठी दुसरी सोय बघायला निघून गेले.

ती गोष्ट बोटीबरोबर मुंबईला गेली आणि मोटारीबरोबर अलिबागला. महिनाभरात मलाच ती लोक सांगू लागले. तात्यांना कोणी विचारलं तर ते म्हणत, खरं आहे, म्हातारपणी भलते छंद, दुसरं काय.

आणि मोटार? ती उकळतच होती. शेवटी एका दुपारी मी कंटाळून खालची रबरी नळी काढली आणि पान्याच्या दांड्यानं आत टोचून बघितलं. बाहेरून ती धडधाकट होती. आत मात्र रबराचा पदर सुटला होता आणि जिभेसारखा लोंबत होता. इंजिन बंद असलं की तो बाजूला पडून राही, चालू असलं की पाण्याच्या ओढीनं येऊन नळीचं तोंड बंद करी. वरचं खाली उतरत नव्हतं. वाट मिटत होती. तात्यांनी दोन बोटांनी जिथं धरलं होतं तिथंच.

मी मुंबईहून नवी नळी मागवली, बसवली, आणि मोटार पुन्हा कधी उकळली नाही. लोकांना मी सांगितलं, दोष सापडला. कोणाला सापडला ते सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही, कारण कारखान्यात शिकलेला मीच.

दोन दिवसांनी तात्या ओटीवर बसलेले दिसले. हाताला केळीचं पान आणि फडकं बांधलेलं. मी मान खाली घालून जात होतो. त्यांनी हाक मारून विचारलं, "आता पाय ऊन लागतात का रे तिचे?"

मी म्हणालो, लागतात.

"बरं झालं," तात्या म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच रोगी उठून बसल्याचं समाधान होतं. मी तिथं थांबलो असतो तर सगळं बोललो असतो, म्हणून थांबलो नाही.

पावसाळा आला, बोट बंद झाली. माझी मोटार किहीम आणि अलिबाग एवढ्यातच फिरू लागली, तरी तिला काम कमी पडलं नाही. आजारी माणसं अलिबागच्या डॉक्टरांकडे न्यायला लोक माझ्याकडे येऊ लागले. विचारलं की सांगत, तात्यांनी डॉक्टरांकडे जायला सांगितलंय. पूर्वी असं नव्हतं. तात्यांकडून रोगी पुढं जाई तो फार क्वचित. मला वाटलं, म्हातारा आता थकला.

भाद्रपदात माझ्या बायकोला ताप भरला. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, तात्यांना बोलाव. मी गेलो. तात्या लगेच आले. हात बरा झालेला दिसत होता, बोटांची कातडी मात्र कागदासारखी गुळगुळीत आणि तांबूस. त्यांनी तिचं मनगट धरलं आणि किती तरी वेळ धरून ठेवलं. मग प्रश्न विचारू लागले. तहान लागते का, घाम कधी येतो, थंडी वाजते ती ताप चढताना की उतरताना. वीस तरी प्रश्न विचारले असतील. शेवटी म्हणाले, हिला अलिबागला ने.

रात्रभर जागा होतो, डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हणालो, पूर्वी तुम्ही हात धरून सगळं सांगत होतात, आता एवढं विचारून काहीच सांगत नाही. तात्या पिशवी उचलून निघाले. दारात आई त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. त्यांनी तो डाव्या हातानं घेतला.

अलिबागच्या डॉक्टरांनी हिवताप म्हणून क्विनिन दिलं आणि आठ दिवसांत बायको उठून फिरू लागली. ते सांगायला मी दुपारी तात्यांकडे गेलो. बेडं उघडं होतं, पायातलं काढून अंगणातून ओटीपर्यंत गेलो, त्यांना चाहूल लागली नाही.

आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिचा हात पाटावर उताणा ठेवलेला. समोर तात्या, डोळे मिटलेले, आणि त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं तिच्या मनगटावर. ओठ हलत होते. बोट किंचित सरकवायचे, पुन्हा टेकवायचे, पुन्हा ओठ हलायचे. आक्का पेंगत होती. बराच वेळ झाला असावा.

आक्कानंच मला आधी बघितलं. तिनं हात काढून घेतला आणि म्हणाली, "आलास? ये. बघ, विद्यार्थी बसलाय अभ्यासाला."

तात्या गडबडून उठले आणि तुझ्या बायकोचं काय, असं विचारून, उत्तर न ऐकताच परसात निघून गेले. मग आक्का बोलली. उजव्या हाताच्या बोटांना काही कळत नाही, ती म्हणाली. भात शिजला की नाही ते शीत दाबून कळत नाही. जानव्याची गाठ कळत नाही. परवा चुलीतलं लाकूड पुढं सारताना बोट पोळलं ते वास आल्यावर कळलं. चाळीस वर्षांची नाडी, ती त्या बोटांत होती. आता डाव्या हातानं पहिल्यापासून शिकतोय. रोज दुपारी माझा हात घेऊन बसतो. मला म्हणतो, आक्का, तुझी नाडी मला पाठ आहे, म्हणून तुझ्यापासून सुरुवात. "या वयात," आक्का म्हणाली. "आणि कशासाठी, तर मोटारीत हात घालायला गेला म्हणे. मला नाही पटत. माझा विसू लहानपणापासून कढत भांड्याला हात लावायलासुद्धा भितो."

ती माझ्याकडे बघत होती. तिला काय माहीत होतं आणि काय नव्हतं ते मला आजही सांगता येत नाही. मी परसात गेलो.

तात्या अडुळशाची पानं खुडत होते, डाव्या हातानं. मी त्यांना म्हणालो की चूक माझी होती, तुम्ही माझे डोळे वाचवलेत आणि मी तुम्हाला हसण्यावारी नेलं. आजच जाऊन सगळ्यांना खरं सांगतो. हसनमियाँना सांगतो, पारूबायला सांगतो, धक्क्यावर उभा राहून सांगतो. हे सगळं मी रडत सांगितलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. लाज वाटावी असं त्याहून बरंच आहे.

तात्यांनी पानं टोपलीत ठेवली.

"तू काय सांगणार?" त्यांनी विचारलं. "हात भाजला तो तुझ्यामुळे, आणि भाजल्यामुळे वैद्याची बोटं गेली, असंच ना? पहिलं सांगितलंस की दुसरं लोक विचारणारच. आणि बोटं गेलेल्या वैद्याकडे कोण मनगट पुढं करील?"

मी बाहीनं डोळे पुसले.

ते पुढं म्हणाले, "ज्याचं मला कळत नाही त्याला मी ठेवून घेत नाही. तुझ्याच मोटारीत घालून डॉक्टरकडे पाठवतो. ज्याचं विचारून कळतं त्याला औषध देतो. कोणाचं वाईट करत नाही. पण लोकांनी यायला हवं रे. ते यायचे थांबले तर हा डावा हात शिकणार कोणावर? आक्काच्या एकटीच्या हातावर किती दिवस शिकू?"

मग त्यांनी मला बजावलं, की ती गोष्ट आहे तशीच राहू दे. ज्याला हसावं असा वैद्य लोकांना चालतो, अधू वैद्य चालत नाही.

म्हणजे मी जे भीतीनं आणि मिजाशीनं लपवलं होतं तेच आता त्यांच्यासाठी लपवायचं होतं. माझ्या मोटारीत माझ्यासमोर ती गोष्ट निघायची, लोक हसायचे, आणि मला खरं सांगायची मोकळीक नव्हती. मला वाटतं, शिक्षा म्हणून कोणी हे शोधून काढलं असतं तर इतकं नेमकं सापडलं नसतं. तात्यांनी मात्र ती शिक्षा म्हणून दिली नव्हती. त्यांना खरोखर रोगी हवे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो आणि पाटावर हात ठेवून बसलो. मग जवळजवळ रोज जाऊ लागलो. डावा हात किती शिकला ते मला नक्की माहीत नाही. कधी ते म्हणत, आज कळलं. कधी नुसतेच माझं मनगट सोडून उठून जात. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी डॉक्टरांकडे पाठवलेल्या रोग्यांची संख्या थोडी कमी झाली, एवढं मी मोटारवाला म्हणून सांगू शकतो. तात्या गेले, त्यांच्या पाठोपाठ आक्काही गेली. आता खरं सांगितल्यानं कोणाचं काही अडत नाही, म्हणून हे लिहिलं.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर बोट पुन्हा सुरू झाली तेव्हाची एक सकाळ मला विसरता येत नाही. रेवसहून अलिबागला परत येत होतो. तात्या हसनमियाँच्या घरून निघाले होते आणि माझ्या शेजारी बसले होते, उजवा हात उपरण्याखाली. मागे मुंबईच्या गिरणीत कामाला असलेला कोणी पाहुणा होता. त्यानं बरोबरच्या माणसाला आपल्या चाळीत ऐकलेली गोष्ट सांगायला घेतली. इथं कुठंतरी एक वैद्य आहे म्हणे, त्यानं मोटारीला एरंडेल पाजलं आणि मग तिची नाडी बघायला हात आत घातला. मागे ओळखीची माणसं होती, ती एकदम चूप झाली. तात्या मागे वळले.

"एरंडेलाची मात्रा किती दिली म्हणालात?" त्यांनी विचारलं.

पाहुण्यानं सांगितलं, चांगलं शेरभर. तात्या मनापासून हसले. मग बाकीचेही हसले.

मी मोटार कडेला घेतली, खाली उतरलो आणि बॉनेट उघडून त्याच्या आड उभा राहिलो. आत सगळं ठीक होतं. पट्टा नीट होता, नळ्या नीट होत्या. मी तिथंच बघत राहिलो, कारण दुसरीकडे कुठं बघता येत नव्हतं. थोड्या वेळानं तात्या उतरून माझ्यापाशी आले. त्यांनी इंजिनाकडे बघितलं नाही.

"काही बिघडलेलं नाही ना?"

मी मान हलवली.

"मग चल. माणसांना कोर्टात वेळेवर पोचायचंय."

त्यांनी डाव्या हातानं बॉनेट खाली घेतलं आणि माझ्या आधी जाऊन आपल्या जागेवर बसले. मी हँडल मारून स्टिअरिंगपाशी येऊन बसलो तेव्हा मागचा पाहुणा विचारत होता, मग पुढं त्या वैद्याचं काय झालं. तात्या पुन्हा मागे वळले आणि त्याला सांगू लागले.